पित्याची सही आणि भाषांतरकाराची अडचण



३० सप्टेंबर २००४ रोजीं जावा या संगणक-भाषेची पांचवी आवृत्ति बाहेर पडली. त्या आवृत्तीच्या टिपणांत एक कबुली आहे. आदल्या, म्हणजे १.४.२ या आवृत्तींत, एका क्षणाच्या नोंदीची दुसऱ्या नोंदीशीं तुलना करणारें एक वाक्य निमूटपणें चालत असे. नव्या आवृत्तींत तेंच वाक्य चालतां चालतां मध्येंच कोसळूं लागलें. इतकेंच नव्हे, तर ज्या आज्ञावल्या पूर्वींच भाषांतरित होऊन तयार होत्या, ज्यांच्या एका अक्षरालाही कोणीं हात लावला नव्हता, त्याही नव्या आवृत्तीवर त्या वाक्याशीं येऊन अडूं लागल्या. पुढल्या कोणत्या तरी आवृत्तींत ही चूक दुरुस्त होईल अशी अपेक्षा आहे, असेंही त्याच टिपणांत नमूद केलेलें होतें.

चूक लहान होती. पण ज्या सुधारणेच्या पोटीं ती जन्मली, त्या सुधारणेचा सगळा डोलारा 'जुनी आज्ञावली मोडतां कामा नये' या एकाच प्रतिज्ञेवर उभा होता. प्रतिज्ञा इतक्या निष्ठेनें पाळली जात असतां नेमकी तीच कशी मोडली, याची हकीकत संगणकाशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं अशा घरांतही समजण्यासारखी आहे. कारण मुळांत ती वारशाची हकीकत आहे.

प्रथम कंपायलरविषयीं दोन शब्द. मनुष्य जी संगणक-भाषा लिहितो ती यंत्राला कळत नाहीं. तिचें यंत्राच्या बोलींत रूपांतर करणारी जी आज्ञावली, तिचें नांव कंपायलर. त्याला दुभाष्या म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. दुभाष्या बोलणाऱ्याच्या मागोमाग बोलत जातो. कंपायलर आधीं सगळा लेख वाचून काढतो, त्यांतील विसंगति दाखवितो, आणि विसंगति उरली असेल तर भाषांतर हातीं देतच नाहीं. आय्. बी. एम्. कंपनींत जॉन बॅकस यांच्या मंडळीनें १९५७ सालीं फोर्ट्रान भाषेचा कंपायलर पुरा केला. तेव्हांपासून आज्ञावली लिहिणारांचा बराचसा दिवस या परीक्षकाचे शेरे वाचण्यांत जात आला आहे. आणि शाळेंतल्या मुलांप्रमाणें तेही शेरा वाचून प्रथम परीक्षकावरच रागावतात.

जावा ही भाषा जेम्स गॉस्लिंग व त्यांचे सहकारी यांनीं सन मायक्रोसिस्टिम्स कंपनींत तयार केली आणि १९९५ सालीं ती लोकांपुढें आली. (ती कंपनी २०१० सालीं ओरॅकल कंपनीनें विकत घेतली.) या भाषेंत वस्तूंचीं घराणीं असतात. पित्याचे गुण पुत्राकडे आपोआप येतात. पुत्र त्यांत स्वतःची भर घालतो. शिवाय 'इंटरफेस' नांवाचीं करारपत्रें असतात. 'कंपॅरेबल' या करारपत्रावर एखाद्या घराण्यानें सही केली, म्हणजे 'माझ्यापुढें दुसरी वस्तु आणून ठेवा. ती माझ्या आधीची, नंतरची कीं बरोबरीची हें सांगण्यास मी बांधलेला आहें,' असें वचन दिलें. यादी क्रमानें लावणारी आज्ञा याच वचनावर विसंबून काम करते. पित्यानें एकदां सही केली कीं ती पुत्रावरही बंधनकारक होते. पुत्राची संमति विचारण्याची चाल तेथें नाहीं.

काळाची नोंद ठेवण्यासाठीं या भाषेंत 'डेट' नांवाचें घराणें प्रारंभापासून आहे. त्याची नोंद सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत जाते. पुढें माहितीच्या कोठारांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, याहून बारीक नोंदींची गरज पडली, तेव्हां डेटचा 'टाइमस्टँप' नांवाचा पुत्र निर्माण करण्यांत आला. तो सेकंदाचा अब्जावा भाग टिपून ठेवतो. पिता आणि पुत्र यांची नजर अशी कमीअधिक असल्यामुळें एक विचित्र प्रसंग उभा राहतो. पित्याला विचारावें, 'हा पुत्राचा क्षण आणि तुझा क्षण एकच का?' तर पिता हजाराव्या भागापर्यंत पाहून 'होय' म्हणतो. तोच प्रश्न पुत्राला विचारावा, तर पुत्र 'नाहीं' म्हणतो. कारण पित्याच्या नोंदींतील त्यापुढचे सूक्ष्म भाग त्याला अज्ञात असतात. क हा ख बरोबर असेल तर ख हा क बरोबर असलाच पाहिजे, हा बीजगणिताचा पहिला पाठ येथें लागू पडत नाहीं. जोशुआ ब्लॉख यांनीं आपल्या 'इफेक्टिव्ह जावा' या ग्रंथांत हें उदाहरण दोष म्हणूनच दाखविलें आहे.

हा दोष जुना. तो ठाऊक असल्यामुळेंच टाइमस्टँपच्या कर्त्यांनीं तुलनेच्या बाबतींत सावधगिरी बाळगली होती. १.४.२ आवृत्तींत टाइमस्टँपच्या घराला तुलनेचे तीन दरवाजे होते. पहिला केवळ टाइमस्टँपसाठीं. दुसरा पित्याकडून वारशानें आलेला. त्यांतून कोणतीही डेट आंत येऊं शके, आणि तिची तुलना पित्याच्या स्थूल रीतीनें होई. तिसरा दरवाजा करारपत्रानें मागितलेला, 'कोणतीही वस्तु' आंत घेणारा. या तिसऱ्या दरवाज्यावर कर्त्यांनीं पहारेकरी बसविला होता: टाइमस्टँप नसेल त्याला बाहेर काढावें. आलेल्या पाहुण्यानें कोणत्या दरवाज्यानें जावें हें कंपायलर आज्ञावली वाचतांनाच ठरवीत असे. 'मी डेट आहें' असें सांगणारा दुसऱ्या दरवाज्यानें जाई, आणि पहारेकऱ्याशीं त्याची गांठच पडत नसे. अशा रीतीनें तें घर नांदत होतें.

करारपत्रानें 'कोणतीही वस्तु' कां मागावी? कारण २००४ पूर्वीं जावाच्या करारपत्रांत नांव भरण्याची सोयच नव्हती. स्वयंपाकघराच्या फडताळांत एकसारखे पत्र्याचे डबे मांडावे आणि एकावरही चिठ्ठी नसावी, तशी ती अवस्था होती. डब्यांत हात घालणारानें 'यांत साखर आहे' असें आपल्या जबाबदारीवर म्हणावयाचें. आंत मीठ निघालें तर तें चहा ओठांला लागल्यावरच कळावयाचें. कंपायलरसारखा कडक परीक्षक दाराशीं बसलेला असतां माल तपासल्यावांचून आंत जात होता.

यावर उपाय म्हणून मार्टिन ओडर्स्की व फिलिप वॉडलर या विद्वानांनीं १९९७ सालीं 'पिझ्झा' नांवाची जावाची सुधारलेली भाषा मांडली. पुढल्याच वर्षीं गिलाड ब्राखा व डेव्हिड स्टाउटामायर यांच्यासह त्यांनीं 'जी. जे.' ही पद्धति प्रसिद्ध केली. पांचव्या आवृत्तींतील सुधारणेचा पाया हाच. तिला 'जेनेरिक्स' म्हणतात. तिच्यामुळें करारपत्रांत एक रिकामी जागा आली: तुलना कोणाशीं? तेथें 'डेटशीं' असें नांव लिहितां येऊं लागलें. करारपत्रेंच नव्हेत, तर एकेकटी कृतीही 'ज्या जातीची यादी द्याल त्याच जातीचें उत्तर देईन' असें म्हणूं लागली. हिला जेनेरिक मेथड म्हणतात. डब्यांवर चिठ्ठ्या आल्या.

परंतु या चिठ्ठ्यांचें आयुष्य फार थोडें. कंपायलर त्या वाचतो, आंतील माल पडताळतो, आणि भाषांतर करतांना त्या सोलून टाकतो. यंत्रापर्यंत जातात ते पूर्वींसारखेच कोरे डबे. या क्रियेला 'इरेझर' असें नांव आहे. पेन्सिलीचें लिखाण पुसणाऱ्या रबराशीं या शब्दाचें गोत्र एकच. असें करण्याचें कारण जुन्या आज्ञावल्या. त्यांना कोरेच डबे ठाऊक. नव्या आज्ञावलीनेंही कोरे डबेच पाठविले तर दोघींचा व्यवहार जमतो. चौघांच्या १९९८ च्या निबंधाच्या शीर्षकांतच हा हेतु दिसतो: भूतकाळाला धोका पोंचणार नाहीं असा भविष्यकाळ घडविणें. या निर्णयाला आज नांवें ठेवणारे पुष्कळ आहेत. पण जगभर चालूं असलेल्या आज्ञावल्या एका रात्रींत निरुपयोगी करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येणार होती त्यांनीं तो घेतला, हें विसरून चालणार नाहीं.

आतां अडचणीचा उगम. 'डेटशीं तुलना' असें लिहिलेलें करारपत्र सोललें कीं त्याचें 'कोणत्याही वस्तूशीं तुलना' असें होतें. घराण्यांतील प्रत्यक्ष कृति मात्र डेटच मागत असते. हा सांधा जुळावा म्हणून कंपायलर स्वतःच्या हातानें एक गुप्त दरवाजा बांधतो. बाहेरून पाहावें तर 'कोणीही यावें'; आंत पाऊल टाकतांच 'डेट असाल तरच पुढें चला'. याला ब्रिज, म्हणजे पूल, म्हणतात. मूळ लेखांत याचा मागमूसही नसतो.

पित्यानें, म्हणजे डेटनें, २००४ सालीं नव्या करारपत्रावर 'डेटशीं तुलना' अशी सही केली. त्याच्या घरीं हा गुप्त दरवाजा बांधला गेला. मग टाइमस्टँपला 'मी टाइमस्टँपशीं तुलना करीन' असें स्वतःच्या नांवाचें करारपत्र कां करतां येऊं नये? तसा प्रयत्न केला तर कंपायलर साफ नकार देतो, आणि त्याचा नकार रास्त आहे. दोन्ही करारपत्रें सोलल्यावर एकच दिसतात. गुप्त दरवाजाही एकच. त्यांतून आंत आलेल्याला डेटकडे पाठवावें कीं टाइमस्टँपकडे, हें सांगणारी चिठ्ठी तर सोलून फेकलेली. एकाच करारावर पित्याच्या नांवानें एक आणि पुत्राच्या नांवानें एक अशा दोन सह्या जावांत चालत नाहींत.

बरें, पुत्राचा जुना तिसरा दरवाजा, 'कोणतीही वस्तु' घेणारा आणि पहारेकऱ्याचा, तो तरी ठेवावा? तोही बेकायदेशीर ठरला. लेखी अर्थानें तो पित्याच्या कृतीहून निराळा, म्हणून तिची जागा घेऊं शकत नाहीं; आणि सोललेल्या रूपानें पित्याच्या गुप्त दरवाज्याशीं तंतोतंत सारखा, म्हणून शेजारीं उभाही राहूं शकत नाहीं. तेव्हां तो दरवाजा काढावा लागला. पहारेकऱ्याला मात्र निवृत्त केलें नाहीं; त्याची नेमणूक दुसऱ्या, डेटच्या, दरवाज्यावर झाली. ज्या दरवाज्यानें वर्षानुवर्षें डेट विनासायास आंत जात होती, तेथेंच आतां तिला 'तूं टाइमस्टँप नाहींस' म्हणून हुसकून लावण्यांत येऊं लागलें. करारपत्र म्हणतें डेटशीं तुलना करीन. कंपायलर तें वाचून समाधानानें मान डोलवितो. आणि आंत गेल्यावर डेटलाच नकार! त्या काळच्या अधिकृत माहितींतही दिलेली डेट ही टाइमस्टँपच असली पाहिजे असें लिहिलेलें होतें. जुन्या भाषांतरित आज्ञावल्याही याच दरवाज्यावर येऊन अडल्या, कारण त्यांना रस्ता तोच शिकविलेला होता. डिसेंबर २००६ मध्यें आलेल्या सहाव्या आवृत्तींत पहारेकरी हलविला: आलेली नोंद डेट असेल तर तिचा टाइमस्टँप करून घ्यावा आणि मग तुलना करावी, असें ठरलें. दोन वर्षें आणि दोन महिने ज्यांच्या आज्ञावल्या अडल्या, त्यांना याहून निराळा खुलासा मिळाला नाहीं.

या प्रकरणाचा दुसरा पदर जेनेरिक मेथडचा. यादी क्रमानें लावणाऱ्या कृतीनें सरळ अशी अट घातली असती कीं 'यादींतील वस्तूनें आपल्याच जातीशीं तुलना करण्याचें वचन दिलेलें असावें', तर टाइमस्टँपची यादी कधींच लावतां आली नसती; कारण त्याच्याजवळ वचन आहे तें पित्याच्या नांवाचें. म्हणून तेथें अट सैल केलेली आहे: वचन स्वतःच्या नांवाचें असो वा एखाद्या पूर्वजाच्या नांवाचें असो, चालेल. ही अट जावांत ज्या चिन्हांनीं लिहितात तीं पाहून नवशिका घाबरतो, आणि बहुतेक पुस्तकें तीं पाठ करावयास सांगून पुढें जातात. पित्याची सही पुत्राला पुरते, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

कंपायलर सर्व वेळीं निर्दोष असतो असेंही नाहीं. एकाच नांवाच्या दोन कृति लिहाव्या. एकीनें शब्दांची यादी घ्यावी, दुसरीनें अंकांची. चिठ्ठ्या सोलल्यावर दोन्ही नुसती 'यादी' घेतात, म्हणून हें नियमबाह्य. पण दोन कृतींच्या उत्तरांची जात निराळी असली तर पांचव्या व सहाव्या आवृत्तीचा कंपायलर तें चुकून मान्य करीत असे. जुलै २०११ मध्यें सातवी आवृत्ति आली, चूक सुधारली गेली, आणि त्या चुकीच्या आधारानें लिहिलेला मजकूर पुन्हां भाषांतरास दिला असतां नापास होऊं लागला. परीक्षकानें आधीं दिलेले गुण मागाहून काढून घ्यावे असा हा प्रकार. नियम त्याच्या बाजूचा होता, तरी ज्यांचें काम अडलें त्यांनीं त्याला दुवा दिला असेल असें वाटत नाहीं.

चिठ्ठ्या न सोलण्याचा मार्गही कोणीं तरी चोखाळला. केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेंत अँड्र्यू केनेडी व डॉन साइम यांनीं आपली योजना २००१ सालीं प्रसिद्ध केली, आणि २००५ सालीं ती सी-शार्प भाषेच्या दुसऱ्या आवृत्तींत उतरली. तेथें चिठ्ठ्या यंत्रापर्यंत जातात, त्यामुळें पित्याचें करारपत्र आणि पुत्राचें करारपत्र ही दोन निराळीं पत्रें राहतात व पुत्राला स्वतःची सही करतां येते. त्यासाठीं किंमत म्हणून जुन्या कोऱ्या डब्यांचें फडताळ आणि नव्या चिठ्ठ्यांच्या डब्यांचें फडताळ अशीं दोन मांडावीं लागलीं. दोहोंचा व्यवहार चालावा म्हणून 'क्रमानें एकेक वस्तु काढून देईन' हें नवें करारपत्र जुन्या कोऱ्या करारपत्राचें अपत्य ठरविण्यांत आलें. परिणाम असा कीं तें नवें पत्र स्वीकारणाऱ्या प्रत्येक घराण्याला एकाच नांवाच्या दोन कृति लिहाव्या लागतात, एक नव्या पत्राची आणि एक आजोबांची. आणि दोहोंत उत्तराच्या जातीखेरीज फरक नसल्यामुळें एकीवर तरी 'ही आजोबांच्या कराराची' असें स्पष्ट लिहावें लागतें. दोन रिकाम्या जागा असलेल्या घराण्यानें दोन्हींच्या नांवानें एकच करार दोनदां करूं म्हटलें, तर सी-शार्पचा कंपायलरही अडवितो. उद्यां कोणीं दोन्ही जागीं एकच नांव भरलें तर काय, ही त्याची शंका. ती उद्यांची आहे, पण निराधार नाहीं.

जावाच्या मंडळींनीं मार्च २०१४ मधील आठव्या आवृत्तींत तारखांसाठीं अगदीं नवें घराणें उभारलें. त्यांतील 'लोकलडेट' ही नोंदही आपल्या जातीशीं तुलनेचें वचन देत नाहीं. तें वचन तिच्या वरच्या कुळाच्या नांवानें दिलेलें आहे. मात्र या वेळीं तें समजून उमजून दिलें. त्या कुळांत जपानी, थाई बौद्ध, हिजरी आणि चिनी प्रजासत्ताकाची मिंग्वो अशा कालगणनांच्या तारखाही आहेत. (शालिवाहन शकाला त्या यादींत स्थान मिळालेलें नाहीं, ज्यांच्या भिंतीवर तिथीचें कॅलेंडर टांगलेलें असतें त्यांना हें चटकन् जाणवेल.) इसवी सन २०१४ मधील एखादा दिवस आणि थाई गणनेच्या २५५७ मधील तोच दिवस समोरासमोर ठेवले, तर तुलना प्रथम काळाच्या रेषेवर होते आणि तेथें बरोबरी झाली तर कालगणनेच्या नांवावरून. म्हणून दिवस एकच असूनही 'बरोबर' असें उत्तर येत नाहीं. नुसता दिवस एकच का, हें विचारण्यासाठीं निराळा प्रश्न राखून ठेवलेला आहे. येथें निदान पिता आणि पुत्र एकाच नजरेनें पाहतात.

डेट आणि टाइमस्टँप हीं दोघें मात्र भांडारांतून गेलेलीं नाहींत. त्यांच्या भरंवशावर चालणाऱ्या आज्ञावल्या अजून आहेत, आणि प्रतिज्ञा तीच आहे. टाइमस्टँपच्या अधिकृत वर्णनांत एक सूचना छापलेली असते: याला सरसकट डेट समजून वागवूं नये, त्यानें पित्याकडून घेतली आहे ती कामाची सामग्री, पित्याची जात नव्हे.